बँड आला म्हणजे प्रोटीन सापडलं का? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात स्नायू कसा घडतो ते लिहिलं होतं. सुट्या सुट्या पेशी आधी नुसत्या वाढत राहतात, मग वाढणं थांबवून एकमेकींत मिसळतात आणि त्यातून अनेक केंद्रकं असलेला एक लांब तंतू होतो. त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की हे सगळं बघायला अँटिबॉडी लागते, झालं, या महिन्याची बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरच आलीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडून. निवडक घेतेय, बाकीच्यांनी रागावू नका.

ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की अँटिबॉडी म्हणजे एखाद्या ठराविक प्रोटीनच्या ठराविक तुकड्याला चिकटणारा रेणू. तो स्वतः दिसत नाही म्हणून त्याला पकडणारी दुसरी अँटिबॉडी लावतात, तिला रंग किंवा चमक जोडलेली असते, म्हणजे आपल्याला दिसते ती चमक, प्रोटीन नव्हे, आणि सगळा घोळ तिथेच होतो. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे प्रोटीनं जेलमध्ये वजनाप्रमाणे वेगळी करायची, मेंब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवायची आणि त्यावर अँटिबॉडी लावायची. एका सॅम्पलची रांग ती लेन, आणि अँटिबॉडी चिकटली तिथे दिसतो तो पट्टा म्हणजे बँड.

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, टिळकवाडी): मॅडम, माझा प्रोजेक्ट सी२सी१२ या उंदराच्या, स्नायू होऊ शकणाऱ्या पेशींवर आहे. मायोडी या स्नायू घडवणाऱ्या प्रोटीनची अँटिबॉडी लावून वेस्टर्न ब्लॉट केला. अँटिबॉडीच्या माहितीपत्रकात प्रोटीनचं वजन ३४ किलोडाल्टन दिलंय, माझा बँड आला ४५ ला. शिवाय शेजारच्या लेनमध्ये पॉझिटिव्ह म्हणून, म्हणजे इथे मायोडी असणारच असं धरून, उंदराच्या मांडीचा स्नायू लावला होता, तिथे ५० आणि २५ ला असे दोन जाड बँड आले आणि ४५ ला काहीच नाही. गाईड म्हणतात बँड आलाय ना मग लिहून टाक. लिहू का?

उत्तर: थांब, लगेच लिहू नकोस. तुझा ४५ चा बँड बहुतेक बरोबर आहे, पण "बहुतेक"वर प्रबंध लिहीत नाहीत.

उंदरातलं मायोडी ३१८ अमिनो आम्लांचं, हिशेबाने वजन ३४ किलोडाल्टनच भरतं, पण जेलवर ते ४५ च्या आसपासच धावतं आणि सगळ्यांकडे तसंच धावतं. त्याच्यावर फॉस्फेट बसतात, आणि मुळात जेलवर दिसणारं वजन हा अंदाज असतो. त्याचं भावंड असलेल्या मायोजेनिनचंही तेच, हिशेबाने २५ आणि दिसतं ३४ च्या जवळपास. त्यामुळे आकडा जुळला नाही म्हणून घाबरायचं नाही, आणि जुळला म्हणून नाचायचंही नाही.

आता ते ५० आणि २५. तुझी पहिली अँटिबॉडी उंदरात बनवलेली आहे ना? मग दुसरी अँटिबॉडी "उंदराची अँटिबॉडी दिसली की पकड" या कामाची असणार. आणि तू लेनमध्ये काय घातलंस, उंदराचाच स्नायू, ज्यात रक्त होतं, रक्तात उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडी होत्या. दुसऱ्या अँटिबॉडीने त्याच पकडल्या, ५० ला अँटिबॉडीची जड साखळी आणि २५ ला हलकी साखळी. मायोडीचा त्यात काही संबंध नाही. खात्री करायची असेल तर पहिली अँटिबॉडी न लावता नुसती दुसरी लावून एक पट्टी कर, ते दोन बँड तसेच येतील. ही नुसत्या दुसरीची पट्टी प्रत्येक प्रयोगात ठेवावी असं माझं मत आहे, पण ती कुणी ठेवत नाही कारण त्यात एक लेन "वाया" जाते म्हणे.

आणि मांडीचा स्नायू पॉझिटिव्ह म्हणून घेतलास तिथेही जरा गडबड आहे. मायोडी हे स्नायू घडवताना लागणारं प्रोटीन. घडून झालेल्या निवांत स्नायूत ते अगदी कमी असतं. तुझी ती लेन ४५ ला रिकामी आली हे खरं म्हणजे तुझ्या अँटिबॉडीच्या बाजूनेच साक्ष आहे.

मग पॉझिटिव्ह काय घ्यायचं? १९८७ साली सीटलमध्ये हॅरल्ड वाइनट्रॉब यांच्या लॅबमध्ये मायोडी सापडलं ते असंच, १०टी१/२ नावाच्या साध्या फायब्रोब्लास्ट (स्नायूच्या नसलेल्या, जोडणाऱ्या ऊतीतल्या) पेशींत त्याचा डीएनए घातला आणि त्या पेशी स्नायूच्या वाटेला लागल्या. म्हणजे न घातलेल्या १०टी१/२ मध्ये मायोडी नाही, घातलेल्यात आहे, आणि तुला हवी ती जोडी तयार मिळाली. एवढं जमत नसेल तर निदान कुठल्याही साध्या फायब्रोब्लास्टची एक लेन लाव. तिथे ४५ ला कोरं पाहिजे. तिथेही आलं तर तुझी अँटिबॉडी भलत्यालाच चिकटतेय.

हे भलत्याला चिकटणं मायोडीच्या बाबतीत अगदी सहज होऊ शकतं, कारण त्याची तीन भावंडं आहेत, मायएफ५, मायोजेनिन आणि एमआरएफ४, आणि चौघांचा मधला भाग जवळजवळ सारखा. त्या सारख्या भागावर अँटिबॉडी बनवली असेल तर ती येळ्ळूरच्या बसस्टॉपवर उभं राहून "ओ पाटील" म्हणून हाक मारल्यासारखी, अर्धा स्टॉप मागे वळेल. म्हणून माहितीपत्रकात वजन बघण्याआधी ती प्रोटीनच्या कुठल्या तुकड्यावर बनवलीय ते बघ.

अजून एक फुकटचा पुरावा तुझ्याच हातात आहे. सी२सी१२ पेशी वाढताना त्यांना १० ते २० टक्के गायीचं सीरम देतो, आणि स्नायू व्हायला लावायचं असलं की ते काढून २ टक्के घोड्याचं सीरम देतो. मायोडी वाढत्या पेशींतही असतं. मायोजेनिन मात्र सीरम कमी केल्यावर एक-दोन दिवसांत वर येतं, आणि मायोसिन हेवी चेन, म्हणजे स्नायू आखडवणारं प्रोटीन, त्याच्याही मागून. रोज एक डिश उचलून हा क्रम दाखवलास तर कुठलाही परीक्षक गप्प बसतो, कारण चुकीच्या अँटिबॉडीला हा क्रम माहीत नसतो. शिवाय त्याच पेशी काचेवर वाढवून रंगवून बघ. मायोडी आणि मायोजेनिन ही केंद्रकात बसणारी प्रोटीनं, चमक केंद्रकात पाहिजे. सगळी पेशी सारखी उजळली तर तो फोटो छान दिसेल पण कामाचा नाही.

हे सगळं गाईडना कसं सांगायचं तो तुझा प्रश्न. फायब्रोब्लास्टची लेन गुपचूप लावून ब्लॉट टेबलावर ठेव, वाद घालण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न (तीच विद्यार्थिनी): सगळ्या लेनमध्ये सारखंच प्रोटीन भरलंय हे दाखवायला लोडिंग कंट्रोल म्हणून जीएपीडीएच चालेल ना? सगळे तेच लावतात.

उत्तर: स्नायूच्या कामात जरा जपून. जीएपीडीएच हे साखर जाळण्याच्या साखळीतलं एन्झाइम, आणि पेशी स्नायू होताना तिचं जाळणंच बदलतं. मेंब्रेनवर आधी पॉन्सो हा रंग टाकून एकूण प्रोटीनचा फोटो काढून ठेव, दोन मिनिटांचं काम आहे आणि खर्चही नाही.

प्रश्न (कॉलेजचे प्राध्यापक, चिकोडी): आमच्याकडे बजेट नावापुरतं. एकेका अँटिबॉडीचं तीस-चाळीस हजाराचं कोटेशन येतं. स्नायू घडण्याचे टप्पे विद्यार्थ्यांना दाखवायचे आहेत, तर मोजक्या कुठल्या घ्याव्या?

उत्तर: सर, तीनमध्ये भागतं. पॅक्स७, मायोजेनिनची एफ५डी आणि मायोसिनची एमएफ-२०. पॅक्स७ दाखवतं राखीव पेशी, ज्यांना सॅटेलाइट सेल म्हणतात, १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बेडकाच्या स्नायूत बघितलेल्या त्या. मायोजेनिन दाखवतं की पेशीने आता स्नायू व्हायचं ठरवलं. एमएफ-२० दाखवते तयार होणारा तंतू. आधी, मधे, शेवटी, झालं की.

या तिन्ही मोनोक्लोनल अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या डेव्हलपमेंटल स्टडीज हायब्रिडोमा बँकेत मिळतात. १९८६ पासूनची ही ना-नफा बँक आहे, संशोधक आपापल्या हायब्रिडोमा पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवत राहणाऱ्या पेशी, तिथे ठेवतात आणि बँक त्या वाढवून अँटिबॉडी पुरवते, कंपनीच्या मानाने किंमत बरीच कमी. कुरियर आणि कस्टमचा त्रास आहेच, तो दोन-तीन कॉलेजांनी मिळून एक ऑर्डर केली तर वाटला जातो. आणि सर, नावात क्लोनचं नाव दिसलं पाहिजे हे विद्यार्थ्यांना पक्कं सांगा. "मायोसिनची अँटिबॉडी वापरली" असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. क्लोन म्हणजे एकाच पेशीचा वंश, १९७५ साली कोलर आणि मिलस्टीन यांनी केंब्रिजमध्ये ही पद्धत काढली म्हणून तर आज चिकोडीतली एफ५डी आणि बॉस्टनमधली एफ५डी एकच असते. सशापासून काढलेल्या पॉलिक्लोनलचं, म्हणजे अनेक पेशींच्या अँटिबॉडींच्या मिश्रणाचं, तसं नाही, ससा बदलला की माल बदलला.

एक गंमत लक्षात ठेवा. आयजीजी ही अँटिबॉडीची नेहमीची जात, तिचे उपप्रकार असतात. पॅक्स७ आणि एफ५डी या दोन्ही आयजीजी१ प्रकारच्या, एमएफ-२० मात्र आयजीजी२बी. तिघी उंदरातल्याच असल्या तरी प्रकार ओळखणारी दुसरी अँटिबॉडी घेतली तर एकाच काचेवर एफ५डी लाल आणि एमएफ-२० हिरवी दाखवता येते. पण पॅक्स७ आणि एफ५डी एकत्र लावायला जाऊ नका, दोन्ही एकाच रंगात येतील. एमएफ-२० लावलीत की विद्यार्थ्यांना फ्युजन इंडेक्स मोजायला द्या, म्हणजे एकूण केंद्रकांपैकी किती टक्के केंद्रकं दोन किंवा जास्त केंद्रकांच्या हिरव्या नळीत आहेत. मोजायचा कंटाळा करतात पोरं, पण आकडा तिथूनच येतो. ब्लॉटवर करायचं झालं तर मायोसिन हेवी चेन २०० किलोडाल्टनच्या वरची आहे, ६ ते ८ टक्क्यांचं जेल घ्या आणि ट्रान्सफरला वेळ द्या. अर्ध्या तासात उरकलेल्या ट्रान्सफरमध्ये ती जेलमध्येच बसून राहते आणि मग अँटिबॉडीला शिव्या बसतात.

प्रश्न (लॅब असिस्टंट, निपाणी): पावसात लाइट जाते, जनरेटर कधी लागतो कधी नाही. परवा कुरियरचं पार्सल पण आलं तेव्हा आइस पॅक कोमट झालते. अँटिबॉडी टाकून द्यायच्या काय? मॅडम ओरडालेत.

उत्तर: टाकू नका हो. आयजीजी रेणू चिवट असतो, एक-दोन दिवस गार नसला म्हणून सहसा मरत नाही. त्याला मारतं ते पुन्हा पुन्हा गोठणं आणि वितळणं. म्हणून आल्या आल्या छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये ठेवू नका, तो मधूनमधून स्वतःच तापतो. निम्मं ग्लिसरॉल असलेली बाटली उणे २० ला गोठतच नाही, तिची काळजी कमी. संशय असेल तर जुनी ट्यूब आणि ही ट्यूब एकाच सॅम्पलवर लावा, मॅडमना दोन्ही बँड शेजारी शेजारी दाखवा. आणि एक, बुरशी येऊ नये म्हणून बाटलीत सोडियम अझाइड असतं ते एचआरपी एन्झाइमला (दुसऱ्या अँटिबॉडीला जोडलेलं, चमक देणारं) बंद पाडतं, त्यामुळे एचआरपी जोडलेल्या दुसऱ्या अँटिबॉडीत अझाइड कधी घालू नका. लाइट कुणाची जाते आणि दोष कुणाला लागतो, असो.

प्रश्न (पैलवान, कंग्राळी): मी तालमीत जातो, मेहनत करालोय पण वजन वाढेना. एकाने सांगितलं मायोस्टॅटिन अडवणारी पावडर येते, अँटिबॉडी असते म्हणे तिच्यात. घ्यावी काय? आणि माझे स्नायू चपळ का दमदार ते टेस्ट करून कळतंय काय?

उत्तर: पैलवान, पावडर घेऊ नका. अँटिबॉडी हे स्वतः प्रोटीन आहे, दुधात घालून प्यायली तर पोटात पचून जाते, अंड्यासारखीच. अँटिबॉडीची औषधं म्हणून तर सुईने देतात.

मायोस्टॅटिन, म्हणजे स्नायूची वाढ रोखणारं प्रोटीन, मात्र खरं आहे. १९९७ साली अमेरिकेत से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी ते शोधलं, ज्या उंदरांत ते काढून टाकलं त्यांचे स्नायू दुपटीच्या पुढे गेले. बेल्जियन ब्लू जातीचे बैल गुगलवर बघा, त्यांच्यात हेच जनुक निसर्गतः बिघडलेलं आहे. मग त्याला अडवणारी अँटिबॉडी बनवून स्नायूंच्या आजाराच्या मोठ्या माणसांना देऊन बघितली, एमवायओ-०२९ नावाची, २००८ साली निकाल आला, औषध सोसलं पण ताकद वाढल्याचं दिसलं नाही. आणि मायोस्टॅटिनला हात लावणारं काहीही वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे, हे कुस्ती स्पर्धेला उतरणाऱ्याने ध्यानात ठेवलेलं बरं.

मायोस्टॅटिनचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा सांगते, वर टिळकवाडीच्या मुलीला जे सांगितलं तेच मोठ्या लोकांनाही कसं नडतं त्याचा. मायोस्टॅटिनचं एक जुळं भावंड आहे, जीडीएफ११, दोघांचा कामाचा भाग जवळजवळ ९० टक्के सारखा. २०१३-१४ मध्ये हार्वर्डच्या गटांनी दाखवलं की रक्तातलं जीडीएफ११ वयाबरोबर कमी होतं आणि म्हाताऱ्या उंदरांना ते परत दिलं की हृदय आणि स्नायू सुधारतात. केवढी बातमी झाली. २०१५ ला नोवार्टिसच्या संशोधकांनी सांगितलं की मोजायला वापरलेली अँटिबॉडी मायोस्टॅटिनलाही पकडते, दोघांना वेगळं करून मोजलं तर वयाबरोबर जीडीएफ११ कमी होताना दिसत नाही, आणि ते दिल्याने जखमी स्नायू भरून यायला उलट अडथळा येतो. वाद पुढे बराच चालला, पण सुरुवात एका अँटिबॉडीपासून.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कळतं, पण त्यासाठी मांडीतून स्नायूचा तुकडा काढावा लागतो. पातळ काप करून त्यावर बीए-डी५ लावली की दमदार, सावकाश तंतू उजळतात, एससी-७१ लावली की चपळांतला २ए प्रकार. उंदरांच्या कामात बीएफ-एफ३ पण वापरतात, ती २बी दाखवते, माणसाच्या अंगातल्या स्नायूत मात्र २बी मायोसिन बनतच नाही. हे कळण्यासाठी मांडीला भोक पाडून घेऊ नका. वस्तादांना विचारा, ते बघून सांगतील.

प्रश्न (एक आई, खानापूर): माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. जिना चढताना दमतो, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकून उठतो, पोटऱ्या मात्र जाड दिसतात. सीपीके खूप वाढलंय. एक डॉक्टर जीन टेस्ट म्हणतात, दुसरे म्हणतात स्नायूचा तुकडा काढून अँटिबॉडीने तपासू. मला काही सुचेना झालंय.

उत्तर: ताई, सीपीके हे स्नायूतलं एन्झाइम, स्नायू दुखावले की रक्तात वाढतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोन्ही डॉक्टरांच्या मनात ड्यूशेन डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे डिस्ट्रॉफिन नावाचं प्रोटीन नसण्याचा आजार. पक्कं निदान पत्रातून करता येत नाही आणि मी करणारही नाही, पण दोघं काय म्हणतायत ते सांगते.

सहसा आधी जीन टेस्टच करतात, कारण ती रक्तावर होते. साधारण दोन तृतीयांश मुलांमध्ये या जनुकाचा मोठा तुकडाच गायब असतो, तो एमएलपीए नावाच्या तपासणीत सापडतो. त्यात काही मिळालं नाही तर जनुक सगळं वाचून काढतात, ७९ एक्सॉन (प्रोटीनची माहिती असलेले तुकडे) आहेत त्याला, प्रचंड मोठं जनुक. एवढ्यावर उत्तर मिळालं तर बाळाला कापायची गरज पडत नाही. उत्तर अर्धवट राहिलं तर तुकडा.

तुकड्यावर डिस्ट्रॉफिनच्या तीन वेगवेगळ्या भागांच्या अँटिबॉडी लावतात, सुरुवात, मधला दांडा आणि शेपूट. निरोगी स्नायूत प्रत्येक तंतूभोवती कड उजळते, ड्यूशेनमध्ये ती कड नसते, बेकर नावाच्या सौम्य प्रकारात फिकी किंवा तुटक असते. ड्यूशेनमध्येही मधेच एखाद-दुसरा तंतू उजळलेला दिसतो, तो रिपोर्ट वाचून आशा लावून बसू नका. आणि रिपोर्टमध्ये स्पेक्ट्रिन तपासलंय का ते विचारा. स्पेक्ट्रिनही तंतूच्या कडेलाच असतं. ते नीट उजळलं आणि डिस्ट्रॉफिन नाही उजळलं, तरच डिस्ट्रॉफिन खरंच नाही म्हणायचं. दोन्ही नाही उजळलं तर तुकडाच खराब झालाय, नेण्यात किंवा गोठवण्यात.

बेंगळुरूला निम्हान्समध्ये स्नायूंच्या आजारांसाठी वेगळा दवाखाना आहे, जाताना सीपीकेचे सगळे जुने रिपोर्ट घेऊन जा. जीन टेस्टमध्ये काही निघालं तर तुमची स्वतःचीही तपासणी करायला सांगतील, ते तुमच्यावर दोष ठेवण्यासाठी नसतं, पुढच्या बाळासाठी आणि तुमच्या बहिणींसाठी असतं. उशीर मात्र करू नका, औषधं आणि व्यायाम वेळेत सुरू केले की चालणं जास्त वर्षं टिकतं.

प्रश्न (पोल्ट्रीवाले, निपाणीजवळून): तुमच्या त्या अँटिबॉडीत कोंबडीचा काय संबंध? आमचा भाचा म्हणतो, मामा, तुमच्या कोंबडीवर मोठं संशोधन झालंय.

उत्तर: भाचा खरं बोलतोय काका. वर सांगितलेली एमएफ-२० कोंबडीच्या छातीच्या मायोसिनवर बनवलेली, पॅक्स७ची अँटिबॉडीही कोंबडीच्याच प्रोटीनवर. बनते उंदराच्या पेशींत, पण ओळखायला शिकली कोंबडीकडून, आणि ही प्रोटीनं कोट्यवधी वर्षांत फार बदलली नाहीत म्हणून त्याच अँटिबॉडी उंदराला, माणसाला चालतात. अंड्यातलं पिल्लू रोज उघडून बघता येतं म्हणून स्नायूचं बरंच काम त्यावर झालं.

छातीचं मांस पांढरं कारण ते जवळजवळ सगळं चपळ तंतूंचं, तंगडीत मिसळ असते. पण कोंबडीत अगदी सावकाश स्नायू बघायचा असेल तर तो पाठीवर पंखाच्या मुळाशी आहे, पंख दिवसभर मिटून धरणारा एक छोटासा पट्टा, एस-५८ नावाची अँटिबॉडी लावली की तो उजळतो आणि छाती काळी राहते. भाच्याला सांगा, प्रोजेक्टला विषय हवा असेल तर कापलेल्या कोंबडीत हे दोन्ही तुकडे एकाच वेळी मिळतात, तुकडे लगेच गोठवावे लागतील तेवढं बघ म्हणावं.